आण्णांची सही

"वडिलांची गाडी विकायची म्हटलं की पोटात गोळा येतो, मॅडम. माझं काही चुकतंय का?" असं विचारणारं कुणी ना कुणी वर्षातून दोन-चारदा समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेलं असतं. कधी मोटार, कधी बुलेट; एकदा तर ट्रॅक्टर होता. त्यातलीच ही संगीता. नाव आणि खुणा बदलल्यात.

संगीता कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते. आई पूर्वीच गेलेली. वडील, म्हणजे आण्णा, जाऊन अडीच महिने झाले होते. घरात शहाऐंशी वर्षांची आजी, म्हणजे आण्णांची आई. धाकटा भाऊ पुण्यात. आणि दारात एमएच-०९ ची पांढरी वॅगन आर, मॅटच्या शिवणीत जोतिबाच्या यात्रेतला गुलाल अजून तसाच. आण्णा अंगानं बुटके, त्यामुळे सीट पार स्टिअरिंगला चिकटवलेली, वर उशी. ती सीट मागं सरकवायला कुणाचा हात होईना. सरकवल्याशिवाय कुणाला बसता येईना, म्हणून गाडी चालू झाली नाही आणि बॅटरी उतरली.

पहिल्या दोन भेटींत मी आठवणींच्याच मागं लागले. गाडीत काय काय घडलं, आण्णा काय बोलायचे. ती सगळं नीट सांगायची, डोळे पुसायची आणि आली तशीच परत जायची. झोप काही लागत नव्हती. माझा नेम चुकलाय हे कळायला तिसरी भेट लागली.

तेव्हा ती म्हणाली, "भाऊ सांगायलाय, ताई, गाडी कुजायलीय. एजंट म्हणतोय टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलायच्या, फॉर्मवर आण्णांची सही मारा, पुढचं मी बघतो. आणि मला ती सही येते, मॅडम."

सातवीत असताना गणितात कमी मार्क पडले म्हणून प्रगतिपुस्तकावर तिनं आण्णांची सही ठोकली होती. आण्णांनी पकडलं, पण ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेवटचं शेपूट आखूड पडलं बघ." आता एजंटचे कागद आल्यावर रात्री तिनं पेपराच्या कडेला सही करून बघितली. शेपूट बरोब्बर आलं. त्या रात्रीपासून झोप गेली होती.

मी वकील नाही, पण अशा वेळी गुळमुळीत बोलत नाही. गेलेल्या माणसाची सही करणं ही बनावट सही, ती करायची नाही. त्यात गाडी कागदावर आण्णांच्याच नावानं फिरत राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईचं बोट नोंदणीकृत मालकाकडं वळतं; सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली हे स्पष्ट केलंय. म्हणजे निस्तरायचं वारसांनी.

सरळ वाट तशी अवघड नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. कर्ज असेल तर बँकेची एनओसी. उशीर झाला तर दंड पडू शकतो, पण काम अडून बसत नाही. विम्याचंही बघायचं: जुनी पॉलिसी मृत्यूनंतर फार तर तीन महिने चालते, आधी संपत असेल तर तेवढीच. विक्रीचे फॉर्म 29 आणि 30 त्यानंतरचे, आणि त्यावर सही नव्या मालकाची. स्वतःची.

"म्हणजे आत्ता विकायची नाही?"

"मुदत आहे ती नाव बदलायला. विकायचं तर पुढच्या दिवाळीला विका, कोण विचारतंय?"

बाई खुर्चीत मागं टेकली. तीन भेटींत पहिल्यांदा.

मग आलं वारसांचं. संगीता बोटं मोजत म्हणाली, "मी आणि भाऊ." मी म्हटलं, "आणि आजी." हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा यांच्या बरोबरीनं मृताची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. आजींना धक्का बसेल म्हणून अडीच महिने घरात गाडीचा विषय कुजबुजत चालला होता. जिच्यासाठी कुजबुज, तिलाच कुणी विचारलं नव्हतं. (हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता पहिल्याच भेटीत विचारते, घरात सगळ्यात म्हातारं कोण?)

संगीतानं घाबरत घाबरत आजींना विचारलं. आजी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती यायलेत तिचं?"

मुदत संपायला आठवडा असताना अर्ज गेला. भावानं पुण्याहून प्रतिज्ञापत्र पाठवलं, आजींनी इथल्या नोटरीसमोर अंगठा दिला. गाडी संगीताच्या नावावर झाली आणि नंतर चार महिने दारातच उभी राहिली. नवी बॅटरी टाकून एकदा सगळे जोतिबाला जाऊन आले. त्या दिवशी सीट तिनंच मागं सरकवली.

पुढं कागलच्या एका उंच पोरानं ती घेतली. पैसे आले त्या संध्याकाळी आजींनी आपला तिसरा हिस्सा मागून घेतला, दोनदा मोजला आणि आण्णांची उशी आपल्या खुर्चीत टाकून बसल्या.