वडिलांना एकदाच लाल लघवी झाली, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ. वय ५८, विडीची सवय. तरी डॉक्टरांकडे न्यायचं का?

हो, याच आठवड्यात न्या. दुखलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, उलट काळजीचं कारण तेच आहे. मुतखड्यात कमरेपासून जांघेपर्यंत कळा येतात, जंतुसंसर्गात जळजळ होते, सारखी लघवीला लागते. काहीच न दुखता रक्त जाणं, त्यात पन्नाशी उलटलेली आणि विडी, म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. त्यातलं रक्त एकदा दिसून महिनोन्‌महिने थांबू शकतं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्यानेही रक्त जातं, पण ते तपासणीनंतर ठरवायचं.

आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, टीबीचं औषध चालू आहे का, हेही आठवा. त्यांनीही रंग बदलतो. खरं रक्त आहे का, ते लघवीच्या साध्या तपासणीत लाल पेशी दिसल्या की कळतं. मग सोनोग्राफी, लागलं तर सीटी स्कॅन.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तिथेच थांबू नका. मूत्राशयातली छोटी गाठ तिच्यात निसटते. दुर्बिणीतून आत पाहणं, म्हणजे सिस्टोस्कोपी, युरॉलॉजिस्टकडून करून घ्याच. रक्ताच्या गाठी पडून लघवी अडली, तर मात्र लगेच इमर्जन्सीत न्या.