रणांगण, माझा प्रवास आणि मधेच शिरलेली स्मृतिचित्रे

तुम्ही विचारलंय की सध्या कोणती कादंबरी वाचताय, कोणतं नॉनफिक्शन वाचताय, आणि दोन्ही एकाच वेळी वाचली तर डोक्यात खिचडी होत नाही का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, खिचडी होते आणि मला ती हवीच असते, म्हणून तर मी पुस्तकं जोडीनं वाचायला घेते. कधी जोडी मुद्दाम लावते, कधी आपोआप जुळते. यावेळची आपोआप जुळलीय आणि इतकी जबरदस्त जुळलीय की तुमचा प्रश्न दिसल्या दिसल्या लिहायला बसले.

कादंबरी आहे विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ साली आलेली. अगदी छोटी आहे, मनात आणलं तर एका बैठकीत होईल, पण मी थोडी थोडीच वाचतेय कारण पटकन संपवण्यासारखी ती नाहीच. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, त्यावर परत येणारे काही भारतीय आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले ज्यू. चक्रधर विध्वंस नावाचा आपला नायक, प्रेमात एकदा होरपळलेला, आता कुणात गुंतायचं नाही असं ठरवलेला, आणि हॅर्टा नावाची ज्यू मुलगी. बोटीवरचे मोजके दिवस, बस. तो मुंबईला उतरणार, ती पुढे जाणार, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक आहे आणि वाचणाऱ्यालाही. शेवट मी सांगणार नाही, प्लीज कुठे आधी वाचूही नका.

मला यात सगळ्यात जास्त काय भिडतंय सांगू का, प्रकाशनाचं साल. १९३९ म्हणजे महायुद्ध जेमतेम सुरू होतंय, छळछावण्यांत पुढे काय काय झालं ते जगाला कळायला अजून कितीतरी वर्षं आहेत. बेडेकरांनी लिहिलं तेव्हा त्यांनाही ते माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याला माहीत आहे. त्यामुळे डेकवर कुणी हसलं, कुणी नाचलं, कुणी उद्याचं काहीतरी ठरवलं की आपल्याच पोटात गोळा येतो, पानावर तसं काही लिहिलेलं नसताना. आज कुणी लेखक त्याच काळावर कादंबरी लिहील तर तो सगळं माहीत असून लिहील, आणि ते कुठेतरी जाणवतंच. इथे तसं नाहीये. बेडेकर सिनेमातले माणूस, त्यामुळे वाक्यंही अशी की कॅमेरा ठेवला, दाखवलं, पुढे. रडायला कुठे सांगत नाहीत.

वाचता वाचता मी त्या काळाबद्दल इकडेतिकडे शोधत बसले, ती माझी सवयच आहे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावात ३२ देशांची परिषद भरली होती, या निर्वासितांना कोण घेणार हे ठरवायला. बहुतेकांनी सहानुभूती दाखवली आणि दरवाजे काही उघडले नाहीत. व्हिसा न मागता उतरू देणाऱ्या ज्या अगदी थोड्या जागा उरल्या त्यात शांघाय होतं, म्हणून हजारो लोक इतक्या लांबच्या बोटींत बसले. हे वाचलं आणि परत कादंबरीकडे आले तर बोट तीच, माणसं तीच, पण आता कळत होतं की ही माणसं कुठे जायचं म्हणून निघालेली नाहीत, कुणीच घेत नाही म्हणून समुद्रावर आहेत.

आता नॉनफिक्शन. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. नाव ऐकलेले खूप असतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेले कमी भेटतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं कारण मराठीत यासारखं दुसरं काही नाही. विष्णुभट गोडसे हे कोकणातल्या वरसईचे भिक्षुक, घरावर कर्ज, कुठूनतरी कळतं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून काकांबरोबर १८५७ साली पायी उत्तरेला निघाले. आणि थेट बंडात जाऊन पडले! महूच्या आसपासच त्यांना वाटेत शिपाई भेटतात आणि काडतुसांची गोष्ट सांगतात, पुढे काय होणार ते सांगतात, परत फिरा म्हणतात. हे दोघं पुढेच जातात.

झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरात होते. शहर पडल्यावर लूट कशी झाली ते त्यांनी ज्या क्रमानं लिहिलंय तो क्रम वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, सगळ्यात शेवटी धान्य. म्हणजे आज घरात शिरलेल्यांनी जे सोडलं ते उद्या येणाऱ्यांनी न्यायचं. इतिहासाच्या पुस्तकात 'झाशी पडली' एवढ्या दोन शब्दांत जे उरकतं ते आतून असं दिसतं. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली त्याचीही त्यांना हळहळ आहे, स्वतःच्या जिवावर बेतलेलं असताना.

आणि तो विहिरीवरचा प्रसंग. पळापळीत राणी लक्ष्मीबाई भेटते, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मी काढते. आणि मातीच्या मडक्यातून काढून ओंजळीनं पिते. मला अर्धा शेर तांदूळ पुरला असता, या सगळ्यात पडायची काय गरज होती, अशा अर्थाचं काहीतरी बोलते. पुतळ्यातली राणी आपण सगळ्यांनी पाहिलीय, ही थकलेली, धुळीनं माखलेली बाई फक्त इथे भेटते. शेवटी भटजी परत येतात ते गंगेचं पाणी घेऊन, आईवडिलांना त्यानं स्नान घालायचं म्हणून. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला, पाणी मात्र घरी पोचवलं.

एक सांगून ठेवते, हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं तेव्हा त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. नंतर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताला धरून आवृत्ती काढली. जमलं तर तीच घ्या, भाषा थोडी अडखळवते पण पंधरावीस पानांत कान सरावतो आणि मग समोर बसून कुणी सांगतंय असंच वाटतं.

आता जोडी कशी जुळली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दोन्हीत प्रवास आहे, आणि प्रवासाला निघालेल्या माणसाचा त्या लढाईशी खरं तर काही संबंध नाही, एक घरी परत चाललाय, दुसरा दक्षिणेसाठी निघालाय. लढाई त्यांना वाटेत गाठते. सकाळी डोकं ताजं असताना मी भटजी वाचते कारण गावांची नावं, माणसांची नाती लक्षात ठेवावी लागतात, शेजारी नकाशा उघडा असतो. रात्री रणांगण. आणि होतं काय की बोटीवरचा एखादा ज्यू म्हातारा वाचताना सकाळचे झाशीतून बाहेर पडणारे लोक आठवतात, आणि ते कादंबरीतल्यासारखे डोळ्यासमोर उभे राहतात. नुसतं नॉनफिक्शन वाचलं असतं तर माझ्या हाताला फक्त माहिती लागली असती, एवढं नक्की.

मधे एक तिसरं पुस्तक शिरलंय, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आधी वाचलेलं आहे पण भटजींमुळे परत काढावं लागलं. त्याच्या अगदी सुरुवातीला येतं की लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. वेड म्हणजे किती, तर मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! धुतलेलं मीठ काय उरणार? पूर्वी मी ते वाचून हसले होते, सगळेच हसतात, लक्ष्मीबाई सांगतातच तसं. आता भटजींच्या पाठोपाठ वाचलं तर हसू आलंच नाही. लढाई तिकडे संपली आणि इकडे एका घरात बायकापोरं पुढे कितीतरी वर्षं ती भोगत बसली, स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी.

तुम्ही दोन पुस्तकं एकदम वाचून पाहणार असाल तर एकाच विषयावरची दोन घेऊ नका, कंटाळा येतो, दोन्ही एकमेकांची उजळणी वाटायला लागतात. काळ वेगळा, माणसं वेगळी, पण कुठेतरी एक धागा असलेली घ्या. आणि कादंबरी छोटी निवडा, नाहीतर तीच सगळा वेळ खाऊन टाकते आणि नॉनफिक्शन बुकमार्क लावून महिनोन्महिने पडून राहतं.

यानंतरचं नॉनफिक्शन ठरलंय, इरावती कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त'. जोडीला कादंबरी अजून मिळालेली नाही, महाभारतावरचीच नको आहे, काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा.