हवेत टक्कर होऊनही लढाऊ विमान सुखरूप उतरू शकतं का?

उतरू शकतं, पण टक्कर कुठे आणि किती वेगाने बसली यावर सगळं अवलंबून.

दुसऱ्या महायुद्धात गोळ्या संपल्या की सोव्हिएत वैमानिक मुद्दाम धडक देत; त्याला ‘तारान’ म्हणत. त्यातली शहाणी पद्धत म्हणजे मागून येऊन शत्रूच्या वेगाशी वेग जुळवायचा आणि आपल्या विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यांनी त्याच्या शेपटीवरचं सुकाणू कापायचं. वेगातला फरक कमी, म्हणून धक्काही कमी. बोरिस कोवझान या सोव्हिएत वैमानिकाने एकूण 4 तारान केले. 3 वेळा तो स्वतःचं विमान घेऊन उतरला. ऑगस्ट 1942 मध्ये चौथ्या वेळी एक डोळा गेला आणि पॅराशूटवर जीव वाचला.

खरा धोका धडकेनंतर. पाती वाकली की पंख्याचा तोल जातो, इंजिन थरथरायला लागतं आणि तसंच चालू ठेवलं तर बैठकीतून उखडू शकतं. म्हणून इंजिन ताबडतोब बंद करून तरंगत उतरायचं. समोरासमोर धडक किंवा पंख मुळाशी तुटणं, यातून त्या काळचं विमान सहसा वाचत नसे.

जेटचं गाजलेलं उदाहरण युद्धातलं नाही, सरावातलं आहे. 1983 मध्ये हवेतल्या टक्करीत इस्रायलच्या एफ-15 या लढाऊ विमानाचा उजवा पंख जवळजवळ मुळापासून तुटला, तरी ते उतरलं. रुंद धड स्वतःच बरीच उचल देतं, शिवाय वैमानिकाने वेग कमी होऊ दिला नाही: धावपट्टीला टेकताना तो 260 नॉटच्या (ताशी सुमारे 480 किमी) आसपास होता, नेहमीच्या जवळपास दुप्पट. वेग उतरवला असता तर विमान गिरकी खात कोसळलं असतं.