फ्रान्समधल्या पहिल्या महायुद्धाच्या युद्धभूमीवर ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या रस्त्यांसाठीच्या, जाड टायरच्या) फिरायचं आहे. टायर केवढा, महिना कोणता, आणि भारतीयांच्या दृष्टीने तिथे बघण्यासारखं काही आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'ओळखीच्या एकाने सांगितलं की तिकडे नुसती गोऱ्यांची थडगी आहेत, आपलं काही नाही.' टायर आणि महिना कोणीही सांगेल. मी लिहायला बसलो ते या ओळीमुळे. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडून ऐकलंय, तेही उत्तर फ्रान्समधल्या सोम भागातल्या शेतात, घोट्यापर्यंत चिखलात उभं राहून.

टायरचं उरकून टाकतो. चाळीस मिलिमीटर, ट्यूबलेस, आणि तरीही पिशवीत एक ट्यूब. तिकडे खाली खडूचा दगड, वर चिकणमाती आणि तिच्यात चकमकीच्या दगडाचे सुरीसारखे तुकडे. पंक्चर सीलंटने (टायरच्या आत ओततात त्या चिकट द्रवाने) भरतं, पण टायरची कड चिरली तर सीलंट काही करत नाही. म्हणून आतून लावायला जाड ठिगळ ठेवा.

तर मेव्हणा. मी उत्तरेच्या लील शहराजवळ नोकरीला आहे. हा पुण्याहून स्वतःची रोड बाइक खोक्यात भरून आला. माझी जुनी ग्रॅव्हल त्याच्यासाठी पुसून, तेलपाणी करून ठेवली होती, तिच्याकडे बघून म्हणाला, "दाजी, ही म्हशीसारखी जड आहे." सिंहगड किती मिनिटांत चढतो हे तो जेवताना, झोपताना, कधीही सांगू शकतो. त्याला अठ्ठावीसचे टायर, मला चाळीसचे, असे आम्ही टीईआर गाडीने सोममधल्या आल्बेर गावी उतरलो. या लोकल गाड्यांत सायकल घेता येते.

फ्रिकूर, मामेत्झपर्यंत डांबर होतं तोवर साहेब पुढे. मामेत्झच्या रानाला वळसा घालून बाझांतांकडे जाणारा शेतरस्ता धरला आणि रात्री पडलेल्या पावसाने काम दाखवलं. पांढरट राड चाकाला आणि ब्रेकला इतकी बसली की त्याचं चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन तो चालायला लागला. माझंही काही उडत नव्हतं, पण चाक आणि फोर्कमध्ये जागा असल्याने चिखल आपोआप गळत होता.

शेताच्या कोपऱ्यावर विजेचा खांब. त्याच्या बुडाशी गंजून तांबडे झालेले दोन तोफगोळे आडवे ठेवलेले, एकाला अजून ओली माती आणि बीटच्या पाल्याचा तुकडा चिकटलेला. मेव्हणा खाली वाकला, फोटोसाठी उचलणारच होता. लांबून ट्रॅक्टरवरचा म्हातारा असा ओरडला की फ्रेंच न येणाऱ्यालाही कळलं. खाली उतरून आला आणि मला समजावून सांगितलं: नांगराला आणि बीट काढायच्या यंत्राला दरवर्षी लागतात, आम्ही कडेला ठेवतो, सरकारची बॉम्ब निकामी करणारी माणसं येऊन घेऊन जातात. यातले काही अजून जिवंत असतात, काहींमध्ये विषारी वायू असतो. त्यामुळे तुम्हीही हात लावू नका, पायाने ढकलू नका. ते रचून ठेवलेले दिसले म्हणजे निकामी केलेत असं मुळीच नाही.

म्हातारा गेल्यावर मेव्हण्याचा पारा चढला. "दाजी, इथं बघायचंय तरी काय? बीट, चिखल आणि इंग्रजांची कबरस्तानं. गाडीने आलो असतो तर दोन तासांत सगळं उरकलं असतं."

त्याला उत्तर न देता मी त्याला वर नेलं. गाडीतून हा मुलूख सपाट वाटतो, चढ आहे हेच कळत नाही. सायकलवर मांड्यांना कळतो. दीड-दोन टक्क्यांचा, संपतच नाही असा. वर टेकाडावर एक साधं रान आहे, फ्रेंचमध्ये ब्वा दे फुर्को, इंग्रजांच्या नकाशात हाय वुड. तिथून चारी बाजूंची शेतं उघडी पडतात. मशीनगन कुठे ठेवावी हे सांगायला लष्करी पुस्तक लागत नाही.

१४ जुलै १९१६. पहाटे इंग्रजांनी जर्मनांची खालची ओळ फोडली. सकाळी हे रान जवळजवळ रिकामं होतं, पण वरून हुकूम आला: थांबा, घोडदळ येऊन घेईल. घोडदळ मैलोन्‌मैल मागे. खंदकांनी चिरलेल्या, पावसाने निसरड्या झालेल्या याच जमिनीवरून घोडे यायला संध्याकाळ झाली. सातच्या सुमाराला उभ्या पिकातून भाले रोखून दोन रिसाले चढावर गेले. एक इंग्रजांचा सातवा ड्रॅगून गार्ड्स, दुसरा आपला विसावा डेक्कन हॉर्स. मूळचा निजामाच्या मुलखातल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेतला हा रिसाला. पिकात लपलेल्या जर्मनांवर भाले चालले, काही कैदी मिळाले, रात्र तिथेच काढली आणि पहाटेआधी मागे बोलावणं आलं. तोवर जर्मन रानात परतले होते. ते रान पुरतं हातात यायला १५ सप्टेंबर उजाडला. सकाळी चालत जाऊन घेता येण्यासारख्या झाडीसाठी दोन महिने माणसं मेली.

हे मी त्याला रानाच्या कडेला उभं राहून सांगितलं. (आत जाऊ नका, रान खाजगी आहे.) त्याने खांद्यावरची सायकल खाली ठेवली. म्हणाला, "म्हणजे घोडेपण चिखलात अडकले." एवढंच. पण परतीच्या गाडीत पुन्हा सुरू झाला, आणि हा वाद आमच्या घरात आजही चालू आहे: "कोणाची लढाई, कोणाचा राजा! पोटासाठी गेले, इंग्रजांसाठी मेले. त्यात अभिमान कसला?"

अभिमान वाटून घ्या असं मी कोणालाही म्हणत नाही. पोटासाठीच गेले. आमच्या सातारा भागात कितीतरी गावांत जुन्या चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवराची फरशी दिसते: या गावातून महायुद्धात इतके गेले, इतके मेले. नावं नाहीत, नुसते आकडे. पोटासाठी मेलेल्या माणसाचं नाव वाचायला कोणी जायचंच नाही, हा कुठला न्याय? उलट राजासाठी मेला असता तर राजाने वाचलं असतं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोममध्ये नाही, तिथून उत्तरेला आहे. लीलच्या नैऋत्येला, साधारण पंचवीस किलोमीटरवर नव्ह-शापेल हे गाव. तिथल्या ला बोंब चौकात भारतीय स्मारक: गोल भिंत, कमळाचा माथा असलेला उंच खांब, बुडाशी दगडी वाघ. हर्बर्ट बेकरने आखलेलं, १९२७ साली उघडलेलं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून जास्त शिपायांची आणि मजुरांची नावं पलटणीवार कोरलेली आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने ज्या युद्धस्मारकांना जागतिक वारसा म्हटलं त्यांत हेही आहे. खांबावर अरबी, देवनागरी आणि गुरुमुखीत अक्षरं.

मेव्हण्यालाही मी तिकडे घेऊन गेलोच. तो पुण्याचा, खडकीच्या बाजूला वाढलेला, म्हणून थेट थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या नावांसमोर उभा केला. हे आपले बॉम्बे सॅपर्स, खडकीचे. त्यांचं काम पूल बांधायचं, खंदक खणायचं. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीला ४७व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखं संगिनी लावून याच गावात घुसवलं. गाव घेतलंही, घरोघर लढून, पण मागून कुमक आली नाही म्हणून सोडावं लागलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मेले नाहीतर जखमी झाले. पुढच्या मार्चमधली नव्ह-शापेलची मोठी लढाई सगळ्यांना ठाऊक असते, ही कोणी सांगत नाही. मेव्हणा भिंतीवर बोट फिरवत एकेक नाव वाचत गेला, आणि तरी बाहेर आल्यावर म्हणाला, "ठीक आहे, पण अभिमान नाही." बरं. वाचलंस ना?

मराठी नावंच शोधायची असतील तर एक सांगून ठेवतो: मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या, त्यामुळे इथे नाव कमी दिसलं म्हणून खट्टू होऊ नका.

स्मारकाला सायकलने जाणं अनादर वगैरे नाही. सायकल भिंतीला बाहेर टेकवा, हेल्मेट काढा, आत बुटाच्या तळाच्या क्लीट वाजवत धावू नका. कबरस्तानाच्या दाराशी धातूची छोटी पेटी असते, तिच्यात नोंदवही आणि अभिप्रायाची वही. लिहा काहीतरी, मराठीतच लिहा.

महिना मे, जून किंवा सप्टेंबर. १ जुलै आणि ११ नोव्हेंबरला सोममध्ये राहायची जागा मिळत नाही. ऑक्टोबरपासून बीट निघतात, डांबरावरही मातीचे थर येतात, शिवाय शिकारीचा मोसम असतो. रानाच्या तोंडाशी शिकारीची पाटी दिसली तर निमूट वळा. नव्ह-शापेलचा भाग सपाट आहे, तिथे कुठलीही सायकल चालते, चाळीसचं वर जे म्हटलं ते सोमसाठी. पूर्वेला व्हर्दंच्या युद्धभूमीकडे गेलात तर खुणा केलेली वाट सोडायचीच नाही, ते रान अजून साफ झालेलं नाही. आणि छोट्या गावांत दुकान असेलच असं नाही, बेकरी असली तर सोमवारी बंद असू शकते, तेव्हा पाणी आणि खाणं आल्बेरलाच भरून घ्या.