तुटलेल्या हाताची ठणक

प्रिय बेटा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. मन म्हणजे मेंदूच ना सर, मग एकदाचा त्याच मताचा होऊन जातो, असं तू म्हणतोस. माझं ऐकशील तर एवढ्यात नको होऊस.

यावलकडे आमच्या मळ्यात काकांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, मी तेव्हा बारावीत. कोपराखाली काहीच उरलं नव्हतं, तरी रात्री खाटेवर उठून बसायचे नि म्हणायचे मूठ आवळलीय, नखं तळव्यात रुतताहेत, कोणीतरी उघडा रे. बंडी घामानं ओलीचिंब. काकू त्या रिकाम्या बाहीपाशी हात धरून नुसती बसून राहायची.

कॉलेजात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त हाती आला तेव्हा पहिल्यांदा समजलं की तुटलेल्या अवयवाच्या वेदनेबद्दल त्यानं १६४१ मध्येच लिहून ठेवलंय. मन वेगळं नि शरीर वेगळं म्हणणारा माणूस म्हणून आपण त्याला परीक्षेत दोन ओळीत उडवतो, पण नावेत नावाडी बसावा तसा मी शरीरात बसलेलो नाही हेही त्याचंच. नाव फुटली तर नावाड्याला दिसतं, मला मात्र दुखतं.

आणि त्याला खरं अडवलं ते बोहेमियाच्या राजकन्येनं, एलिझाबेथनं. मे १६४३, वय २४. तिनं पत्रात विचारलं की आत्म्याला, म्हणजे मनाला, जागा नाही, स्पर्श नाही, मग तो शरीराला हलवतो कसा? त्याच्या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही आणि तिनं तसं स्पष्ट लिहिलंही. तू आधी ही पत्रं वाच, बाकीचं नंतर.

१९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी आरशाची पेटी केली, शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं, हा हात उघडला की तोही उघडल्यासारखा वाटतो आणि काहींची आवळलेली मूठ सुटली. काका तोवर गेले होते, ही हळहळ माझी अजून जात नाही. तू म्हणशील झालं तर, मेंदूतला शरीराचा नकाशा बदलला. मान्य. पण नकाशाला दुखतं का रे? तत्त्वज्ञ चाल्मर्सनं १९९५ मध्ये ज्याला अवघड प्रश्न म्हटलं तो हाच, आणि मला तो आजही सुटलेला वाटत नाही.

सुट्टीत ये. गावात एकाचा हात थ्रेशरमध्ये गेलाय, त्याला विचारून ठेवलंय, बोलायला तयार आहे. आरसा माझ्याकडे आहे. वही आणू नको, पहिल्या दिवशी फक्त ऐक.

तुझा,
सर