वाचक विचारतात : ते खरंच उद्धट होते का?

प्रश्न : पॅरिसमध्ये चार दिवस होतो. दुकानात शिरून ‘एक्सक्यूज मी, हे केवढ्याला?’ असं इंग्रजीत व्यवस्थित विचारलं, तरी विक्रेत्या बाई तुटकच बोलल्या. दोन ठिकाणी तर आधी वर मान करून बघितलंही नाही. फ्रेंच लोकांचा इंग्रजीवर राग असतो, हे खरं का?

उत्तर : तुमची इंग्रजी आड आलेली नाही, ‘बोंझूर’ राहून गेलं. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकल्यावर नमस्कार करणं ही आत येणाऱ्याची जबाबदारी आहे. दुकान जणू विक्रेत्याची ओसरी. तिथे येऊन थेट किंमत विचारली की समोरच्या माणसाला ओलांडून वस्तूकडे गेल्यासारखं होतं. ‘एक्सक्यूज मी’ने ती उणीव भरून निघत नाही, कारण त्यात माफी आहे, नमस्कार नाही.

क्रम असा ठेवा. आत शिरताच, कशालाही हात लावण्याआधी, समोरच्याकडे बघून ‘बोंझूर, मादाम’ किंवा ‘बोंझूर, मस्यू’ म्हणा. मग थांबा. उलट ‘बोंझूर’ आल्याशिवाय पुढचं वाक्य काढायचं नाही. बहुतेक प्रवासी चुकतात ते इथेच. एका दमात ‘बोंझूर हाउ मच इज धिस’ उरकून टाकतात आणि नमस्कार वाया जातो. त्यानंतर ‘पार्ले-व्हू आंग्ले?’ म्हणजे ‘इंग्रजी बोलता का?’ असं विचारून खुशाल इंग्रजीवर या. संध्याकाळी ‘बोंस्वार’. काहीही न घेता निघालात तरी ‘मेर्सी, ओ रव्वार’ (धन्यवाद, येतो) हवंच. बसमध्ये चढताना ड्रायव्हरलाही ‘बोंझूर’ म्हणतात आणि दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये शिरताना बसलेल्या सगळ्यांना मिळून एक. मात्र त्याच माणसाला त्याच दिवशी पुन्हा ‘बोंझूर’ केलंत, तर सकाळची भेट विसरलात असा अर्थ निघतो.

जाता जाता : जेवण होऊन अर्धा तास झाला तरी वेटर बिल आणत नाही, ही तक्रारही नेहमी येते. न मागता बिल आणणं म्हणजे तिथे ‘उठा आता’ म्हणणं. नजरानजर झाली की ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणा, बिल येईल.

प्रश्न : लंडनच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना मी ‘प्लीज सेंड मी द फाइल टुडे’ असे मेल करतो. माझे मेल हुकूम सोडल्यासारखे वाटतात, असं साहेबांनी सुचवलं. आता ‘प्लीज’ लिहूनही हुकूम कसा?

उत्तर : तुम्ही मनातल्या मनात मराठीत लिहिताय, म्हणून. ‘जरा फाइल पाठवा ना’ हे वाक्य उलगडून बघा. ‘पाठव’ऐवजी ‘पाठवा’ म्हटलं की शेवटच्या एका कान्यात मान आला. ‘जरा’ने कामाचं ओझं हलकं केलं, ‘ना’ने आर्जव आणलं. इंग्रजीत ‘पाठव’ आणि ‘पाठवा’ दोघांनाही ‘सेंड’च. कानाही गेला, ‘जरा’ही गेलं, ‘ना’ही गेलं आणि उरलं उघडंबोडकं क्रियापद. त्याला ‘प्लीज’ लावलं तरी हुकूम हुकूमच राहतो. फार तर इस्त्री केलेला. बागेतल्या पाटीवर ‘प्लीज कीप ऑफ द ग्रास’ लिहिलेलं असतं, ती काही विनंती नसते.

ब्रिटिश इंग्रजीत अदब राहते ती वाक्याच्या घडणीत. म्हणून प्रश्न करा : ‘कुड यू सेंड मी द फाइल टुडे, प्लीज?’ मग अर्ध्या ओळीत कारण द्या. त्यानंतर सुटायला वाट ठेवा : ‘इफ इट्स नॉट रेडी, टुमॉरो मॉर्निंग इज फाइन.’ या वाटेनेच वाक्य खरं विनंतीचं होतं, कारण आता समोरच्याला नाही म्हणता येतं. अर्थात उद्या चालणार नसेल तर हे लिहू नका. लोक ते अक्षरशः घेतात आणि फाइल उद्याच येते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. नुसतं ‘फाइल अजून मिळाली नाही’ असं सुचवून सोडणं आपल्याला सौम्य वाटतं, वाचणाऱ्याला ती तक्रार वाटते. भाषाशास्त्रज्ञ शोशाना ब्लुम-कुल्का यांनी १९८७ साली इंग्रजी आणि हिब्रू बोलणाऱ्यांकडून विनंत्यांची सभ्यतेनुसार क्रमवारी लावून घेतली. सर्वांत वर आडून सुचवणं आलं नाही, ‘कुड यू’सारखा रुळलेला प्रश्न आला. ऐकणाऱ्याला अर्थ शोधायला लावणं हाही त्रासच आहे.

उद्या तुमची गाठ वॉर्सा किंवा मॉस्कोच्या सहकाऱ्याशी पडली, तर हेच उलट्या बाजूने आठवा. पोलिश आणि रशियनमध्ये आज्ञार्थाला ‘प्रोशें’ किंवा ‘पझालुस्ता’, म्हणजे त्यांचं ‘प्लीज’, जोडलं की ती चारचौघांतली सभ्य विनंती होते. तो माणूस ते सरळ इंग्रजीत आणतो, तेव्हा तुमच्यासारखीच त्याचीही फजिती होते.

प्रश्न : आमच्या टीममधले न्यूयॉर्कचे लोक बोलणं मध्येच तोडतात, फिनलंडचे लोक विचारल्यावरही गप्प असतात. दोघांचाही तितकाच राग येतो.

उत्तर : दोघांचं घड्याळ वेगळं आहे. १० भाषांमधल्या संवादांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हो-नाही प्रकारच्या प्रश्नानंतर उत्तर यायला किती वेळ जातो, ते त्यात मोजलं होतं. सगळ्या भाषांची सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाली. जपानी सर्वांत चटपटीत, डॅनिश सर्वांत सावकाश, आणि या दोन टोकांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर! एवढ्याशा फरकावरून माणूस माणसाला ‘आगाऊ’ किंवा ‘शिष्ट’ ठरवतो.

न्यूयॉर्कच्या ढंगावर भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांचं काम बघण्यासारखं आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या एका घरगुती जेवणातलं सहा जणांचं संभाषण त्यांनी टेप केलं आणि त्याची चिरफाड १९८४ साली पुस्तकात मांडली. न्यूयॉर्कच्या वळणाची माणसं बोलण्यावर बोलणं चढवत होती, प्रश्नांची सरबत्ती करत होती. त्यांच्या लेखी हा जिव्हाळा, ‘मी ऐकतोय’ची पावती. बाकीच्यांना तो मारा वाटला आणि ते अडखळले. ते अडखळले म्हणून न्यूयॉर्कवाल्यांनी आणखी प्रश्न टाकले. चांगल्या हेतूने एकमेकांचं बिघडवत जाण्याचा हा खेळ तुमच्या मीटिंगमध्येही चालू असणार.

न्यूयॉर्कच्या माणसाने मध्ये तोंड घातलं तर थांबू नका, आवाज किंचित चढवून वाक्य पुरं करा. बहुधा तोच मागे सरकेल. तुम्ही थांबलात की तुमचं संपलं असं तो समजतो. फिनिश सहकाऱ्याला प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. शांतता भरून काढायला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलात, की त्याचा विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मिश्र मीटिंगमध्ये मुद्दे आदल्या दिवशी पाठवा आणि नाव घेऊन बोलायला सांगा. मोकळ्या मैदानात घाईची माणसंच जिंकतात.

प्रश्न : तेहरानमध्ये टॅक्सीवाल्याने पैसे नकोत म्हटलं. आभार मानून उतरलो, तर तो चिडला!

उत्तर : तो ‘तआरोफ’, म्हणजे इराणी शिष्टाचार होता. ‘काबेली नदारे’, म्हणजे ‘तुमच्यापुढे याचं काय मोल’, असं म्हणून पैसे नाकारायची रीत आहे. तुम्ही आग्रह करायचा, त्याने पुन्हा नाही म्हणायचं. साधारण दोन-तीन फेऱ्यांत तो पैसे घेतो. पैसे हातात धरून उभे राहा, खिशात परत ठेवू नका.

प्रश्न : स्वीडनमध्ये आदरार्थी ‘नी’ वापरलं, तर एक आजी नाराज झाल्या. वयाने मोठ्यांना अरेतुरे करायचं का?

उत्तर : हो, ‘दू’च म्हणायचं. पूर्वी स्वीडिशमध्ये आदर दाखवायचा तर हुद्दा किंवा पदवी घेऊन बोलत. ‘नी’ असायचं हुद्दा नसलेल्यांसाठी, वरून खाली बोलताना. १९६७ साली तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी सगळ्यांशी ‘दू’ने बोलणार असं जाहीर केलं आणि आधीच सुरू असलेल्या बदलाला जोर आला. आता राजघराणं सोडलं तर ‘दू’ सर्वांना चालतं. जुन्या पिढीच्या कानांत ‘नी’चा तो वरचढपणा अजून आहे. तुमचं ‘आपण’ त्यांना ‘ए, कोण तू?’सारखं लागलं.

प्रश्न : प्रत्येक वेळी ‘त्यांची पद्धत’ म्हणून सोडून द्यायचं? खरा उद्धटपणा नसतोच का कुठे?

उत्तर : असतो, आणि तो पद्धतीच्या नावाखाली खपवून घेऊ नये. ओळखायचा मार्ग सोपा आहे. काउंटरपासून जरा बाजूला उभं राहून आधीच्या तीन-चार स्थानिक गिऱ्हाइकांशी कसं वागतात ते बघा. त्यांनाही हसू नाही, त्यांनाही दोन शब्दांत उत्तर, तर ती तिथली रीत. त्यांना नमस्कार आणि तुम्ही नमस्कार करूनही तुम्हाला फक्त भुवई, तर तो तुमचा अपमान. दुकान बदला, तक्रारीची सोय असेल तर तक्रार करा. स्थानिकांनी केलेलं आणि तुमच्याकडून राहिलेलं काही दिसतंय का, एवढं मात्र आधी तपासा.

तुटक बोलण्यावरून माणुसकीचाही अंदाज बांधू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या मोठ्या शहरांत रस्त्यावर पेन पाडणं, पायाला पट्टा बांधून मासिकं सांडणं आणि अंध म्हणून चौकात उभं राहणं असे प्रयोग केले. निष्कर्ष २००१ साली आले. रिओ दी जानेरो पहिलं आलं आणि न्यूयॉर्क तळाजवळ, इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण व्हिएन्ना आणि कोपनहेगन ही भरभर चालणारी शहरं मदतीत बरीच वर होती, आणि संथ चालीचं क्वालालंपूर शेवटचं आलं.