आधी त्यांचा हात सोडा

पत्र

ताई, माझं वय 68. साडेतीन महिने मुलीकडे सुट्टीला राहून आले. तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं, इकडची काडी तिकडे करू दिली नाही. जाण्याआधी मी रोज पहाटे मैत्रिणींबरोबर तासभर फिरत होते, अधूनमधून योगासनं करत होते, रात्री दहाला झोपत होते. आता सगळंच विस्कटलंय. साडेचार किलो वजन वाढलंय. परत येऊन पाच आठवडे झाले, रोज गजर लावते आणि बंद करून झोपते. दोनदा फिरायला गेले, पण दुसऱ्या फेरीला धाप लागली. मैत्रिणी माझ्यासाठी थांबू लागल्या, मग लाज वाटून जाणंच सोडलं. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय, तर मध्यरात्री भुकेने जाग येते. 21 दिवस नेटाने केलं की सवय लागते म्हणतात. माझं चौथ्या दिवशीच बारगळतं. घरात तक्रारीला जागा नाही. यजमान फार समजूतदार आहेत, एका शब्दाने बोलत नाहीत, सोफ्यावरून उठतानासुद्धा हात देतात. दुपारी ते झोपले असले तर मी बसूनच राहते, उगाच झोपमोड कशाला! मला एक चांगलं वेळापत्रक आखून द्या आणि मन कसं तयार करू ते सांगा.

उत्तर

वेळापत्रक देणार नाही. मनाचंही नंतर बघू.

तुमच्या पत्रातलं वजन, गजर, मैत्रिणी हे सगळं मी भराभर वाचलं आणि एका वाक्याशी अडकले. दुपारी यजमान झोपले असले तर तुम्ही बसूनच राहता. अहो, हे तुम्ही किती सहज लिहून टाकलंत! तहान लागली तरी बसून. आतल्या खोलीत फोन वाजला तरी बसून. बाथरूमला जायचं असलं तर बहुधा कळ काढून बसून. काही महिन्यांपूर्वी पहाटे तासभर चालणारी बाई आज स्वतःच्या घरात सोफ्यावर अडकून पडते, आणि मला विचारते की वजन कसं उतरवू.

तुमच्या समजूतदार यजमानांचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. लेकीचंही नाही. तिने साडेतीन महिने तुमच्या पायांना काम मिळू दिलं नाही आणि तुम्ही परतल्यावर तरी हे थांबेल म्हणावं, तर उरलेलं यजमानांनी हातात घेतलं. दिवसातून कितीतरी वेळा आपण बसतो-उठतो. त्या प्रत्येक वेळी तुमच्या मांड्यांनी आणि नितंबांनी उचलायचं वजन त्यांचा खांदा उचलतोय. म्हणजे तुमचा व्यायाम ते करताहेत. प्रेमाने करताहेत हे मान्य, पण स्नायूंना प्रेम कळत नाही, वापर कळतो.

तेव्हा माझा सल्ला एकच. आजपासून तो हात बंद. त्यांना स्पष्ट सांगा, "मला उठवायचं नाही. फार तर समोर उभे राहा, हात पाठीमागे बांधून." त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.

आता उठायचं कसं ते नीट वाचा. सोफा विसरा, तो खोल आणि मऊ असतो, त्यातून उठणं तरण्यांनाही जड जातं. चाकं नसलेली, कडक बैठकीची खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे आणि जरा फाकलेली. हात छातीवर दुमडलेले. कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि टाचा जमिनीत रोवून उठा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ताठ बसून सरळ वर उठायला बघतात, मग गुडघ्यांवर सगळा भार येतो आणि माणूस मागे आदळतो. बसतानाही धप्पकन बसू नका, मनात तीनपर्यंत मोजत खाली या. उतरतानाही स्नायू तेवढंच काम करतात.

नाहीच जमलं तर खुर्चीवर जाड चादरीच्या घड्या ठेवून बैठक उंच करा. चार घड्या लागल्या तर चार. जमायला लागलं की आठ-दहा दिवसांनी एक घडी कमी.

आणि वेगळा वेळ काढू नका. दिवसभरात जेव्हा जेव्हा उठायचं असेल तेव्हा दोनदा उठायचं. उठा, परत बसा, पुन्हा उठा आणि कामाला लागा. गजर नको, पहाट नको, मन तयार करणं नको. बाथरूमला जायला मन तयार करावं लागत नाही ना? तिथेच ही सवय चिकटवायची.

त्या 21 दिवसांचं म्हणाल तर ते डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर यासाठी अभ्यास झाला होता. नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. चौथ्या दिवशी तुमचं बारगळतं ते तुम्ही आळशी म्हणून नाही. पहिल्याच दिवशी जुनी पहाट, जुनी तासाची फेरी आणि जुना वेग हे सगळं एकदम मागता म्हणून.

धाप का लागली, तेही ऐका. चालणं थांबलं की दम काही आठवड्यांतच कमी होतो. स्नायूंची ताकद त्या मानाने सावकाश जाते, आणि जो आधी नियमित चालत होता त्याची ती परतही लवकर येते, नवख्यापेक्षा नक्कीच लवकर. तुमचं शरीर हे काम ओळखतं. "आता वय झालं" हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून ऐकू आलं, म्हणून सांगते. 1990 साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची चालताना लागणारी काठी सुटली. नव्वदीत. तुम्ही 68च्या आहात!

फिरणं चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण नुसत्या फिरण्याने हे प्रकरण सुटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीपुढच्यांसाठी सांगितलंय, आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम, आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लावणारा, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळायचा. तुमच्या जुन्या दिनक्रमात पहिली गोष्ट भरपूर होती. ताकदीचं काम थोडंफार घरकामातून होत असेल, तेच या सुट्टीत गेलं. फिरायला जाल तेव्हा दहा मिनिटं जा, संध्याकाळी जा, एकट्या जा. मैत्रिणींना आठवडाभराने एवढंच सांगा की मी एक फेरी तुमच्याबरोबर करणार आणि मग बसणार. त्या थांबल्या तर त्यात लाज कसली? लाज सोफ्यावर बसून राहण्याची वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

रात्रीचं जेवण मात्र आजच सुरू करा. या वयात उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि जो पाय आधीच दुबळा झालाय त्याचंच मांस तुम्ही कमी करताय. वयस्कर माणसाला दिवसाला किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 65 किलोच्या बाईला 65 ते 78 ग्रॅम. ती एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. साडेचार किलोंची घाई नाही. ती कुठे पळून जात नाहीत.

आता एकदाच गंभीरपणे. हे उठणं हळूहळू अवघड झालं असेल तर वर सांगितलेलं तुमच्यासाठी आहे. पण एकाएकी झालं असेल, एकाच पायात जोर नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर खुर्ची बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. लांबच्या प्रवासानंतर काही आठवडे पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती राहते. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्या तपासून घ्या. सुट्टीत त्यांच्या वेळा इकडच्या तिकडे झालेल्या असतात, आणि पत्रात त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

महिनाभराने एक चाचणी करा. खुर्ची तीच, पण बैठक साधारण 43 सेंटिमीटर उंच असावी, चादरी काढून. हात छातीवर. यजमानांना घड्याळ घेऊन बसवा, काहीतरी काम हवंच त्यांना. 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहता ते मोजा. 65 ते 69 वयाच्या बाईला 11च्या खाली म्हणजे सरासरीपेक्षा कमी. आणि उठताना हात टेकला तर गुण शून्य, हा माझा नियम नाही, चाचणीचाच आहे. पहिल्या वेळी चार आले तरी चार लिहून ठेवा.

तो आकडा मला कळवा. वजनाचा कळवू नका.